बिडाच्या डिस्कला तोड नाही

पावसाळा तोंडावर आला की घाटात उतरण्याआधी गाडीचे ब्रेक एकदा उघडून पाहायचे, असा आमच्या घरचा जुना शिरस्ता आहे. यंदा त्याला कारणही होते. महामार्गावर ताशी 80 किलोमीटरच्या वेगात ब्रेक दाबला की स्टिअरिंग हातात थरथरत असे आणि पेडलही पायाखाली बारीक ठोके देत असे. गॅरेजमध्ये चाक काढण्यापूर्वीच निदान झाले, "डिस्क वाकडी झाली आहे," (डिस्क म्हणजे चाकाबरोबर फिरणारी धातूची चकती; ब्रेक दाबला की दोन्ही बाजूंचे पॅड तिला आवळून धरतात) आणि त्याच दमात भोके आणि खाचा असलेली, दिसायला झोकदार अशी डिस्क बसवून घेण्याचा सल्लाही मिळाला. मी नको म्हटले. का नको, हे तिथे उभ्या उभ्या सांगता आले नाही, म्हणून येथे सविस्तर लिहितो.

ब्रेकचे काम म्हणजे गतीची उष्णता करणे आणि ती उष्णता वाऱ्यावर सोडून देणे. लोणावळ्याहून खोपोलीला उतरताना गाडी सुमारे साडेपाचशे मीटर खाली येते. माणसांसह 1200 किलो वजनाची गाडी धरली, तर या उतारात सुमारे 65 लाख ज्यूल ऊर्जा कुठेतरी जिरवावी लागते. तेवढ्या उष्णतेत बंबातले वीस लिटर पाणी उकळेल. यातला बराच वाटा खालच्या गियरमधले इंजिन आणि वारा उचलतात, पण चालकाने गियर न बदलता नुसत्या ब्रेकवर भिस्त ठेवली तर उरलेले सारे डिस्कच्याच माथी येते. ब्रेक लागताच गाडीचे वजन पुढे झुकते, त्यामुळे त्यातलाही मोठा भार पुढच्या दोन चाकांवर पडतो. आपल्याकडच्या बहुतेक लहान गाड्यांना पुढे डिस्क आणि मागे ड्रम असतात, ते यामुळेच.

डिस्कचे मुख्य प्रकार दोन, सॉलिड आणि व्हेंटिलेटेड. सॉलिड डिस्क म्हणजे धातूची एक सपाट चकती. ती हलक्या गाड्यांच्या पुढच्या किंवा मध्यम गाड्यांच्या मागच्या चाकांना पुरते. व्हेंटिलेटेड डिस्कमध्ये दोन चकत्या असतात आणि त्यांच्या मध्ये पाती उभी केलेली असतात. चाक फिरू लागले की ही डिस्क पंपातल्या फिरत्या पंख्यासारखी मध्यातून हवा ओढते आणि कडेने बाहेर फेकते. पाती सरळ असतील तर डिस्क डावीकडे लावा की उजवीकडे, फरक पडत नाही. वक्र असतील तर त्यांची बाहेरची टोके फिरण्याच्या दिशेच्या उलट, मागे झुकलेली असावी लागतात. डावी-उजवी अदलाबदल झाली तर हा पंप धड चालत नाही. बसवणारा बहुधा वरच्या खाचा पाहून दिशा ठरवतो, आत डोकावून पाती पाहत नाही, आणि चूक तिथेच होते.

या सगळ्या डिस्क ज्या धातूच्या, त्या ओतीव लोखंडाला आपण घरात बीड म्हणतो. घावनांचा बिडाचा तवा आणि गाडीची डिस्क ही एकाच घराण्यातली भावंडे आहेत. कोल्हापूरजवळ शिरोलीच्या एका फाउंड्रीत मी अशा डिस्कचे ओतकाम पाहिले आहे. मधली हवेची वाट धरून ठेवण्यासाठी वाळूचा कोअर साच्यात बसवतात, वितळलेले बीड त्याभोवती ओततात, आणि निवल्यावर तो कोअर फोडून, झटकून काढतात. तिथे फुटलेल्या एका कास्टिंगचा तुकडा हातात घेऊन पाहिला, तर मोडलेली बाजू राखाडी आणि मळकट दिसत होती. पोलादाची चकाकी तिला नव्हती. तो रंग ग्राफाइटच्या सूक्ष्म पापुद्र्यांचा. हे पापुद्रे उष्णता झटकन पसरवतात आणि कंपनेही गिळतात, त्यामुळे ब्रेक किंचाळण्याचे प्रमाण कमी राहते. ज्या बिडात कार्बनचे प्रमाण साडेतीन टक्क्यांच्या पुढे नेलेले असते, त्याला हाय-कार्बन म्हणतात. असे बीड ताकदीला थोडे उणे, पण उष्णतेचे चटके सोसायला आणि आवाज दाबायला सरस ठरते. मोटरसायकलची पातळ डिस्क मात्र स्टेनलेस पोलादाची असते, कारण ती उघड्यावर असते आणि तिच्यावर गंज दिसलेला कोणालाच खपत नाही.

आता भोकांकडे वळू. जुन्या पॅडमधला, त्याचे कण बांधून धरणारा पदार्थ तापला की वायू सुटत असे आणि पॅड व डिस्क यांच्यामध्ये त्याचा पातळ थर साचत असे. त्याला वाट म्हणून ही भोके आली. आजच्या पॅडमध्ये तो त्रास फारच कमी झाला आहे. भर पावसात पाण्याचा थर लवकर हटतो, हा फायदा खरा आहे. पण प्रत्येक भोकाबरोबर उष्णता साठवणारा धातू कमी होतो, आणि तापण्या-निवण्याच्या फेऱ्यांत भोकांच्या कडेपासून केसासारख्या चिरा सुटतात. कारखान्याने मुळातच तशी आखलेली डिस्क असेल तर भोके पात्यांना चुकवून पाडलेली आणि त्यांच्या कडा घासलेल्या असतात. साधी डिस्क आणून कोणीतरी नंतर छिद्रे पाडलेला माल मी तरी घाटाच्या गाडीला लावणार नाही. खाचांची डिस्क त्यामानाने शहाणी आहे: ती पाणी आणि धूळ पुसते, पॅडचा वरचा भाजलेला थर खरवडून काढते आणि चिरा कमी पडू देते. त्याची किंमत म्हणजे पॅड लवकर झिजतात आणि ब्रेक लावताना घरघर ऐकू येते.

याच्या वरची पायरी दोन तुकड्यांच्या डिस्कची: घासणारी कडी बिडाची, मधली वाटी ॲल्युमिनियमची. वजन घटते, आणि तापलेली कडी वाटीला न ताणता मोकळेपणाने फुगू शकते. त्याहून वर कार्बन-सिरॅमिक. कार्बनच्या तंतूंमध्ये सिलिकॉन मुरवून ती तयार करतात. वजन बिडाच्या जवळपास निम्मे आणि गंजाचे नाव नाही. पोर्शेने 2001 साली 911 जीटी2 या गाडीवर ती दिली. चारही बदलायची वेळ आली तर खर्च एखाद्या लहान नव्या गाडीच्या किमतीपर्यंत जातो. फॉर्म्युला वनची कार्बन-कार्बन डिस्क हे वेगळेच प्रकरण: काहीशे अंश तापल्याशिवाय ती धड पकडच घेत नाही, त्यामुळे सिग्नल ते सिग्नल रांगणाऱ्या गाडीला ती निरुपयोगी आहे.

विजेच्या गाड्यांनी मात्र बिडापुढे नवा प्रश्न उभा केला आहे. मोटरच गाडीचा वेग आवरते, ब्रेक क्वचित लागतो, आणि न घासलेली डिस्क गंजत राहते. युरोपच्या युरो 7 या वाहन-प्रदूषणाच्या नियमांनी ब्रेकच्या धुळीवरही प्रथमच मर्यादा घातली आहे. म्हणून बिडावर कठीण कार्बाइडचा पातळ लेप देण्याकडे कल वाढतो आहे.

माझ्या डिस्कचे पुढे काय झाले? मायक्रोमीटर लावला तेव्हा जाडी 20.3 मिलिमीटर भरली. तिच्या कडेवर किमान 20 कोरलेले होते आणि नवी असताना ती 22 होती. डिस्क तव्यासारखी वाकली नव्हती. हबवर, म्हणजे डिस्क आणि चाक ज्यावर बसते त्या मधल्या भागावर, गंजाचा एक पापुद्रा होता, त्यावर ती किंचित तिरपी बसली होती, आणि फिरताना पॅडला एकाच ठिकाणी घासून तिची जाडी काही मायक्रॉनने असमान झाली होती. थरथर यायला तेवढे पुरते. टर्निंग, म्हणजे लेथवर खरवडून सपाट, केले असते तर जाडी किमान मर्यादेखाली गेली असती. म्हणून हब तारेच्या ब्रशने स्वच्छ करून घेतला, साध्या, हाय-कार्बन, व्हेंटिलेटेड डिस्कची जोडी नव्या पॅडसह बसवली, आणि चाकाचे नट वायवीय गनने न आवळता टॉर्क रेंचने, म्हणजे ठरलेल्या जोरानेच आवळणाऱ्या पान्याने, आवळायला लावले. नवे पॅड आणि डिस्क एकमेकांशी नीट जुळावेत म्हणून पहिले दोनशे किलोमीटर करकचून ब्रेक लावणे टाळले. पहाटेच्या मोकळ्या रस्त्यावर ताशी 60 वरून 20 पर्यंत हलक्या पायाने पंचवीस-तीस वेळा वेग उतरवला. जुनी जोडी भंगारवाल्याने काट्यावर टाकून बिडाच्या भावाने नेली.