बंब, वायर आणि अठरा वर्षांची गाडी

दिवाळीच्या फराळाला कॅनडातल्या विनिपेगमधल्या आमच्या घरी दरवर्षी दोन-चार नवे चेहरे असतात. कुणी शिकायला आलेलं, कुणाला नुकतीच नोकरी लागलेली. निघताना सगळे दारात बूट शोधत उभे असतात, आणि गाडीच्या पुढच्या जाळीतून लोंबणारी वायर बघून कुणीतरी हमखास विचारतं, "काका, ही इलेक्ट्रिक आहे का?" नाही म्हटलं की खरा प्रश्न येतो. "मग एवढी जुनी गाडी इथल्या थंडीत सुरू तरी कशी होते? आणि नवी का नाही घेत तुम्ही?"

दर वेळी कुडकुडत अर्धवट उत्तर देतो. तुम्ही विचारलंत म्हणून यंदा बसून लिहितोय.

गाडी 2007 ची, पेट्रोलवर चालणारी, पावणेतीन लाख किलोमीटर झालेली. कंपनीचं नाव मुद्दामच सांगत नाही. पुढे ज्या तक्रारी येतील त्या तिच्या वयाच्या आहेत, आणि थोड्या माझ्या आळसाच्या.

मी निफाडकडचा. आमच्याकडे पारा पाच-सहावर उतरला की पेपरात बातमी येते, द्राक्षबागांत रात्री शेकोट्या पेटतात, आणि त्या थंडीची आम्हाला जरा घमेंडही असते. ती घमेंड इथे पहिल्याच डिसेंबरात गळून पडली. विनिपेगला जानेवारीत रात्रीचं सरासरी किमान तापमानच उणे 20 च्या आसपास असतं, आणि काही रात्री ते उणे 35 च्याही खाली जातं. उणे 40 ला सेल्सिअस आणि फॅरनहाइट एकच होतात, हे शाळेत गणित म्हणून सोडवलं होतं. त्या गणितात आपण कधी राहायला जाऊ असं वाटलं नव्हतं.

तर ती वायर. इंजिनच्या ब्लॉकमध्ये एक छोटा हीटर बसवलेला असतो, ब्लॉक हीटर. माझा 400 वॉटचा आहे. बादलीत सोडायच्या रॉडपेक्षा बराच अशक्त. तो आतलं कूलंट, म्हणजे इंजिन आणि रेडिएटरमधून फिरणारं द्रव, कोमट ठेवतो, त्यामुळे इंजिन गोठलेल्या लोखंडाच्या अवस्थेतून सुरू होत नाही. मला हे समजावून सांगावं लागलं नाही, कारण हे मी लहानपणीच पाहिलं होतं. आण्णांचा ट्रॅक्टर थंडीत पहाटे कुरकुर करायचा. आदल्या रात्री ते रेडिएटरमधलं पाणी सोडून द्यायचे आणि सकाळी आईने अंघोळीसाठी पेटवलेल्या बंबातलं बादलीभर कढत पाणी त्यात ओतायचे. आई म्हणायची, "आधी ट्रॅक्टरची अंघोळ, मग माणसांची." ब्लॉक हीटर म्हणजे तोच बंब, फक्त वायरवर चालणारा.

तो रात्रभर चालू ठेवायची गरज नसते. तीन-चार तास पुरतात. मला सातला निघायचं असतं, म्हणून टायमर साडेतीनला लावतो. दीड युनिटच्या आत काम होतं.

एका जानेवारीत टायमर चालू, दिवा लागलेला, आणि तरी सकाळी इंजिन असं फिरलं की जणू तेलाऐवजी काकवी भरलीय. जोर लावून सुरू झालं, पण आवाज ऐकवेना. मी धरूनच चाललो की हीटर जळाला, आणि तो बदलायचा म्हणजे गॅरेजमध्ये दोन-तीनशे डॉलर. मग संध्याकाळी मल्टिमीटर काढला. भिंतीतला प्लग उपटून गाडीच्या वायरीच्या दोन पिनांमधला रोध मोजायचा. हिशेब सरळ आहे, इथे वीज 120 व्होल्टची, हीटर 400 वॉटचा, म्हणजे 36 ओहमच्या जवळपास आकडा यायला हवा. मीटर काहीच दाखवेना, म्हणजे कुठेतरी तार तुटलेली. बॉनेट उघडून वायर हीटरपासून सोडवली आणि थेट हीटरच्या पिनांवर मोजलं. 37. हीटर ठणठणीत होता. थंडीत कडक झालेली वायर रोज वाकवून वाकवून जाळीच्या कडेला आतल्या आत तुटली होती, वरच्या रबराला फक्त एक बारीक चीर. नवी वायर तीस-पस्तीस डॉलरला मिळाली. तेव्हापासून ती जाळीला दोन ठिकाणी सैल बांधून ठेवतो, म्हणजे वाक एकाच जागी पडत नाही.

हे एवढं लांबवून सांगितलं, कारण थंडीतल्या बहुतेक दुखण्यांची गोष्ट अशीच असते. मोठी वस्तू गेली असं वाटतं, आणि गेलेली असते तिच्या अलीकडची छोटी.

बॅटरीचंच बघा. गाडी सकाळी नुसतं टक्-टक् करते आणि लोक सरळ नवी बॅटरी आणतात. कधीकधी तेच बरोबर असतं. पाच-सहा वर्षांच्या बॅटरीकडून इथे फार आशा ठेवू नये, कारण उणे 18 ला ती तिच्या उन्हाळ्यातल्या ताकदीच्या निम्मीच उरते, आणि नेमकं तेव्हाच घट्ट झालेल्या तेलामुळे इंजिन फिरवायला जास्त ताकद लागते. बॅटरीवर सीसीए म्हणून एक आकडा छापलेला असतो. उणे 18 ला सलग 30 सेकंद ती किती अँपिअर देईल याचा तो आकडा. विकत घेताना इथल्या माणसाने बाकी काही नाही बघितलं तरी चालेल, हा बघावा.

पण आधी टर्मिनल बघा, म्हणजे तारा जोडायची बॅटरीची दोन टोकं. माझ्या धन टर्मिनलवर एकदा पांढरट-निळसर बुरशीसारखा थर चढला होता. उन्हाळ्यातही तो तिथे असणार. तेव्हा गाडी सुरू होत होती म्हणून मी बघितलाच नाही. दहा नंबरचा पाना घ्यायचा, आधी ऋण टर्मिनल सोडायचं, मग धन. जोडताना उलट क्रम. नाहीतर पाना बॉडीला टेकला की ठिणगी. कोमट पाण्यात खायचा सोडा कालवून वर ओतला की तो थर फसफसून वर येतो, अगदी ढोकळ्याच्या पिठात सोडा टाकल्यासारखा. मग तारेच्या ब्रशने शिसं चकचकीत होईपर्यंत घासायचं, पुसून कोरडं करायचं, घट्ट आवळायचं, वरून व्हॅसलीनचं बोट. तीच बॅटरी त्यानंतर दोन हिवाळे चालली.

आणि उतरलेली बॅटरी थंडीत तशीच सोडू नका. भरलेल्या बॅटरीतलं आम्ल उणे 50 लाही गोठत नाही, पण पूर्ण उतरलेलीत जवळजवळ पाणीच उरतं, ते उणे दहाच्या आतबाहेर गोठतं. कुशी फुगलेली बॅटरी दिसली तर तिला दुसऱ्या गाडीच्या तारा लावायच्या नाहीत. ती गेली. रात्रभर उभ्या गाडीत 12.6 व्होल्ट म्हणजे पोट भरलेलं, 12.2 म्हणजे निम्मं. ब्लॉक हीटर बॅटरीला ऊब देत नाही, हे नव्या लोकांच्या लक्षात येत नाही. तिच्यासाठी वेगळी विजेची गोधडी मिळते, बॅटरीभोवती गुंडाळायची. आमच्या एका शेजाऱ्याकडे ती नव्हती तेव्हा तो रोज रात्री बॅटरी उचलून स्वयंपाकघरात आणायचा. मी ते एकदाच करून बघितलं. बायकोने पोळपाटाशेजारची बॅटरी पाहिली आणि दुसऱ्या दिवशी गोधडी घरात हजर.

बंबाची अक्कल मात्र सगळीकडे चालत नाही, तेही सांगतो. पहिल्या हिवाळ्यात ड्रायव्हरचा दरवाजा गोठून चिकटला. कडेच्या रबरात पाणी शिरून बर्फ झाला होता. मला आण्णांची बादली आठवली आणि मी किटलीभर गरम पाणी आणून दरवाजावर ओतलं. दरवाजा उघडला, मी जिंकल्यासारखा कामावर गेलो. संध्याकाळपर्यंत ते पाणी कुलपात आणि बिजागरीत उतरून दगड झालं होतं. पुढचे दोन दिवस मी शेजारच्या सीटवरून, तो जाडजूड कोट सांभाळत, गिअरच्या दांड्यावरून आत सरपटत होतो. काचेवर ओतलं असतं तर काचच तडकली असती. रबरावर ऑक्टोबरात सिलिकॉनचा हात फिरवायचा, बस. पाच मिनिटांचं काम आहे. आणि चिकटलेला दरवाजा हँडल धरून हिसडू नका, आधी अंगाने आत दाबा, बर्फ कडकडून फुटतो. एवढ्या थंडीत प्लॅस्टिक बिस्किटासारखं होतं. माझ्या मागच्या दरवाजाला गेली तीन वर्षं बाहेरचं हँडल नाही.

काच आतून गोठते, अशी तक्रार पुष्कळजण करतात. बुटांवरचा बर्फ पायाशी वितळतो, त्याची वाफ काचेवर बसते, आणि आतलीच हवा फिरवायचं बटण कुणीतरी दाबून ठेवलेलं असतं. ते बंद करा, पायपोस उचलून घरात वाळवा, केबिनचा फिल्टर बदला. काचेवर चिकट थर येऊन गोडसर वास येत असेल तर मात्र हीटरच्या नळ्यांतून कूलंट गळतंय. ते कूलंट विषारी असतं आणि चवीला गोड लागतं. खाली सांडलेलं कुत्र्या-मांजरांच्या तोंडी लागू देऊ नका.

कूलंटवरून आठवलं. शुद्ध, पाणी न घातलेलं कूलंट जास्त थंडी सोसत असेल असं कुणालाही वाटेल. मलाही वाटलं होतं. प्रत्यक्षात शुद्ध इथिलीन ग्लायकॉल, म्हणजे कूलंटमधलं मूळ द्रव, उणे 13 लाच गोठतं. निम्मं पाणी घातलं की मिश्रण उणे 37 पर्यंत उतरतं, साठ टक्के कूलंट आणि चाळीस पाणी केलं की उणे 50 च्या आसपास. त्याहून बरंच जास्त कूलंट वाढवलं की पुन्हा उलटं जायला लागतं.

तीन वर्षांपूर्वी गाडीतला हीटर कोमट व्हायला लागला. पंखा जोरात, हवा गार, आणि तापमानाचा काटा अर्ध्यावर जाण्याऐवजी तळाशी लोळतोय. सगळं एकाच गोष्टीकडे बोट दाखवत होतं. थर्मोस्टॅट उघडा अडकला होता. तो इंजिनचा दरवान. कूलंट ऐंशी-नव्वद अंशांच्या दरम्यान तापेपर्यंत रेडिएटरकडे जायची वाट बंद ठेवतो. वाट सताड उघडी राहिली तर उणे 30 ची हवा इंजिनाला तापूच देत नाही. नवा थर्मोस्टॅट टपालाने यायला आठवडा लागणार होता. तोपर्यंत रेडिएटरसमोर अर्धा भाग झाकेल एवढा पुठ्ठा खोवला, आंब्याच्या पल्पच्या डब्यांचं खोकं फाडून. आठवडाभर पोर्टेज आणि मेनच्या चौकातून, जिथला वारा डोळ्यांतून पाणी काढतो, गाडीच्या जाळीतून हापूस डोकावत फिरत होता. थंडी ओसरली की पुठ्ठा आठवणीने काढायचा, नाहीतर इंजिन उलट्या बाजूने मरेल.

बदलायला शनिवारची दुपार लागली, तीही भाड्याच्या गरम गॅरेजात. बाहेर बोटांनी नट धरवत नाहीत. दोन नट, त्याच दहा नंबरच्या पान्याने. खाली परात ठेवली होती, घरातली नव्हे, सांगून ठेवतो. जुना थर्मोस्टॅट बाहेर आला तेव्हा त्याची स्प्रिंग गंजून तिरकी झालेली दिसली. नव्यावर एक छोटी लोंबती पिन असते, ती वरच्या बाजूला यायला हवी, अडकलेली हवा तिथून निसटते. मी पहिल्यांदा खाली बसवली आणि सगळं पुन्हा सोडलं. मग गाडीचं नाक चढाकडे, रेडिएटरचं झाकण उघडं, हीटर पूर्ण गरमवर, आणि बुडबुडे येणं थांबेपर्यंत थोडं थोडं कूलंट घालत राहायचं. वीस मिनिटांनी पंख्यातून अशी गरम हवा आली की मी टोपी काढली.

बाकीचं भराभर. काच धुवायचं पाणी उणे 40 वालंच भरा, उन्हाळ्यातलं उरलेलं आधी फवारून संपवा. टायरची हवा दर पाच-साडेपाच अंशांच्या उतारामागे एक पीएसआयने (हवेच्या दाबाचं माप) कमी होते, म्हणून पहिल्या थंडीला टायरच्या हवेचा दिवा लागला की पंक्चर समजू नका. रात्रभर उभं राहून टायर खालून सपाट होतात आणि पहिला किलोमीटर गाडी बैलगाडीसारखी ठकठक करते. ते आपोआप जातं. गाडी धुऊन आणली असेल तर त्या रात्री हँडब्रेक ओढू नका. पेट्रोल अर्ध्या टाकीच्या खाली नको. सुरू झाल्यावर पंधरा मिनिटं उभी ठेवून तापवत बसू नका, मिनिटभराने हळूहळू चालवायला घ्या. चालताना ती लवकर तापते.

नवी का घेत नाही? पैशाचा हिशेब आहेच, खोटं कशाला बोला. पण पहिल्या हिवाळ्यात, एका रात्री अकराला, टोइंगवाल्याची वाट बघत मी बंद गाडीत चार तास बसलो होतो. थंडीची लाट आली की त्यांच्याकडेही रांग असते. पायाची बोटं आहेत की नाहीत ते कळत नव्हतं. शेवटी त्याने येऊन फक्त सैल झालेलं टर्मिनल दाबलं आणि गाडी सुरू झाली. पैसे पूर्ण घेतले, जे रास्तच होतं. पण त्याने अंगठ्याने नुसतं दाबलं, पानासुद्धा काढला नाही, ते माझ्या मनातून जात नाही. तेव्हापासून या गाडीचा प्रत्येक नट कुठे आहे ते मी शिकत गेलो, आणि आता एवढं शिकून झाल्यावर ती विकवत नाही.

खालची बाजू मीठ खातंय, ते मला दिसतं. रस्त्यावर टाकलेलं मीठ कुणालाच सोडत नाही. पत्रा गंजला तर गंजू दे, पण चाकं धरणारा सांगाडा पोखरला गेला त्या दिवशी मी स्वतः चावी देऊन टाकेन. ब्रेक आणि स्टिअरिंगचं काम मी घरी करतही नाही.

आज रात्री उणे 31 सांगितलंय. टायमर लावलाय, पण दुपारी रस्ता साफ करणारं यंत्र येऊन गेलं आणि वायरचं टोक बर्फात गाडलं गेलंय. फावडं घेऊन ते काढून येतो.