तुम्ही विचारलंत म्हणून: मुलीला कसा काय हिमोफिलिया?

"हिमोफिलिया मुलग्यांना होतो ना? मग तुमच्या मुलीला कसा?" शाळेतल्या बाई विचारतात, शेजारच्या काकू विचारतात, एकदा तर एका डॉक्टरांनीही विचारलं. तर सांगते.

हिमोफिलिया हा रक्त नीट न गोठण्याचा एक आजार, पण तिला तो नाहीच. रक्त गोठायला लागणाऱ्या प्रथिनांना फॅक्टर म्हणतात आणि त्यांना क्रमांक दिलेले आहेत. आठवा कमी पडला की हिमोफिलिया ए, नववा कमी पडला की बी. या दोघांची जनुकं एक्स गुणसूत्रावर असतात आणि मुलग्यांकडे एक्स एकच, म्हणून जास्त त्रास मुलग्यांना. माझ्या लेकीला कमतरता आहे तेराव्या फॅक्टरची. हा दोष बहुतेक वेळा सहाव्या गुणसूत्रावरच्या जनुकात असतो आणि तिथे मुलगा-मुलगी असा भेद नाही. साधारण वीस लाखांत एखाद्याला होणारा आजार. पाचवा, सातवा, दहावा फॅक्टर कमी असण्याचे आजारही असेच दुर्मिळ आणि असेच आई-बाप दोघांकडून येणारे.

दोघांकडून म्हणजे काय, ते आमच्या घरात पाहा. मी आत्याच्या घरी सून म्हणून आले. माझे आजी-आजोबा तेच माझ्या नवऱ्याच्या आईचे आई-वडील, त्यामुळे जनुकाची एक सदोष प्रत दोघांकडेही आली. आम्हाला काही त्रास नाही, कारण आमची दुसरी प्रत चांगली आहे. पण दोन्ही सदोष प्रती बाळाकडे जाण्याची शक्यता प्रत्येक गरोदरपणात पंचवीस टक्के. नात्याबाहेरच्या जोडप्यातही हे घडू शकतं, नात्यात जास्त घडतं. मी ग्रहण पाळलं नव्हतं असंही कुणीकुणी सुचवलं. ग्रहणाला सहावं गुणसूत्र सापडणं कठीण आहे.

नाळ पडल्यावर तिच्या बेंबीतून रक्त झिरपत राहिलं, या आजाराची ही ठळक खूण. पण रक्त गोठण्याच्या नेहमीच्या तपासण्यांत प्लेटलेट ठीक, पीटी ठीक, एपीटीटी ठीक. "रिपोर्ट नॉर्मल आहेत, घरी न्या," असं एका दवाखान्यात सांगितलं गेलं. रिपोर्ट खरेच होते. पीटी आणि एपीटीटी रक्ताची गुठळी व्हायला किती वेळ लागतो ते मोजतात आणि तेराव्या फॅक्टरचं काम त्यानंतर सुरू होतं. गुठळीतले फायब्रिनचे धागे तो एकमेकांना पक्के जोडतो. तो नसला तर सगळं नुसतं कच्च्या धावदोऱ्यावर, शिवल्यासारखं दिसतं आणि ताण आला की उसवतं. म्हणून तिची जखम आधी थांबते आणि पुष्कळदा दुसऱ्या दिवशी पुन्हा वाहू लागते. खरी तपासणी निराळी: गुठळी युरियाच्या द्रावणात ठेवतात. निरोगी माणसाची टिकते, हिची विरघळली. मग फॅक्टरची पातळी मोजली. बाळाची बेंबी वाहते आणि रिपोर्ट नॉर्मल येतात, तेव्हा तेराव्या फॅक्टरचं नाव घ्यावं, एवढं प्रत्येक बाळंतपणाच्या दवाखान्यात माहीत असायला हवं.

खरी भीती बेंबीची नाही, मेंदूतल्या रक्तस्रावाची. तीव्र कमतरता असलेल्यांपैकी जवळपास तिघांतल्या एकाला तो होतो, कधी काही न लागताही. त्यामुळे रक्त यायची वाट न पाहता आधीच फॅक्टर द्यायचा. यात नशीब चांगलं, हा फॅक्टर शरीरात बरेच दिवस टिकतो. आठव्यासारखा आठवड्यातून दोन-तीनदा लागत नाही, साधारण चार आठवड्यांनी एकदा पुरतो. शुद्ध फॅक्टर महाग आणि मिळायला अवघड, म्हणून आम्ही रक्तपेढीतून क्रायो, म्हणजे दात्यांच्या रक्तद्रवातून वेगळा काढलेला फॅक्टर असलेला भाग, आणतो. अ‍ॅस्पिरिन, आयबुप्रोफेन बंद. दात काढायचा असला तरी आधी रक्ताच्या डॉक्टरांना फोन. बाकी ती पळते, भांडते, झाडावर चढायला बघते.

आणि हो, पुढचा प्रश्नही ठरलेला असतो: "लग्नाचं काय?" पाळी सुरू झाली की रक्तस्राव जास्त होऊ शकतो, आणि फॅक्टर न घेता गर्भ टिकणं फार कठीण. नियमित घेतला तर अशा बायकांना मुलं झालेली आहेत. नवरा वाहक नसला, म्हणजे आमच्यासारखी एक सदोष प्रत त्याच्याकडे नसली, तर मुलं फक्त वाहक असतील, आजारी नाही. कुणाशी लग्न करायचं, करायचं की नाही, ते ती ठरवेल. आतेभाऊ-मामेभाऊ तेवढे आम्ही यादीतून आधीच काढलेत.