ट्यूनिंगलाच टाळ्या

इंदूरला आमच्या मंडळाची कोजागिरी म्हणजे गच्चीवर सतरंज्या, काकू लोकांची गाणी, एखादी एकांकिका आणि मोठ्या पातेल्यात आटत असलेलं दूध. दरवर्षी हेच, आणि आम्हाला तेच हवं असायचं. पण मला सगळ्यात जास्त आठवते ती १९९३ ची कोजागिरी.

त्या वर्षी गणपती विसर्जन करून लोक झोपले आणि ३० सप्टेंबरच्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला. आमच्यातल्या कितीतरी घरांचं कुणी ना कुणी तिकडे, लातूर-उस्मानाबादकडे, फोन काही लागेना. बरोबर महिन्याने कोजागिरी आली, नाटक करायचं कुणाच्याच मनात नव्हतं. तेव्हा एक दादा म्हणाला, मामेभावाने अमेरिकेहून ‘कॉन्सर्ट फॉर बांगलादेश’ची, म्हणजे १९७१ ला बांगलादेशच्या निर्वासितांसाठी न्यूयॉर्कला झालेल्या मदतीच्या गाण्या-वादनाच्या कार्यक्रमाची व्हिडिओ कॅसेट पाठवलीय, ती दाखवू आणि भूकंपग्रस्तांसाठी डबा फिरवू. तिकीट नाही, फक्त दुधात यंदा केशर-पिस्ता नाही, ते पैसे पहिले डब्यात.

आता अमेरिकेची कॅसेट त्यांच्या ‘एनटीएससी’ टीव्ही पद्धतीची आणि आपलं सगळं ‘पाल’ (PAL) पद्धतीचं, दुपारी भाड्याच्या व्हीसीआरवर लावून बघितली तर चित्र नुसतं वरखाली पळत होतं. मग दोन्ही पद्धती चालवणारा मल्टिसिस्टिम व्हीसीआर शोधत दोघं जण स्कूटरवर अख्खं इंदूर फिरले, राजवाड्यापासून पलासियापर्यंत, तो मिळाला तेव्हा दिवेलागण झाली होती.

पोरं आली होती बीटल्सवाला जॉर्ज हॅरिसन, बॉब डिलन, एरिक क्लॅप्टन बघायला. आज्या-आजोबा आले होते रविशंकरांसाठी. सुरुवातीलाच त्यांची सतार, अली अकबर खाँसाहेबांचा सरोद, तबल्यावर अल्लारखाँ. पुढे बसलेले आमचे संगीताचे मास्तर सगळ्यांना सांगत होते, अरे, ही सतार-सरोदवाली दोघं आपल्या एमपीतल्या मैहरची, बाबा अलाउद्दीन खाँकडे शिकलेली! आणि तेवढ्यात ते न्यूयॉर्कचे लोक जोरात टाळ्या वाजवायला लागले. एक आजी म्हणाल्या, “अगो बाई, टाळ्या काय वाजवून राहिले हे, अजून तर वाद्यं जुळवून राहिलेत ना!” आणि पुढच्याच क्षणी पडद्यावर रविशंकर तेच म्हणाले, ट्यूनिंग एवढं आवडलं तर वादन त्याहून आवडेल अशी आशा करतो. अख्खी गच्ची हसली, महिन्याभरात पहिल्यांदा.

मग मध्येच उपाशी मुलांची, निर्वासितांच्या छावण्यांची दृश्यं आली आणि सगळे गप्प झाले. १९७१ मध्ये तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानातून, म्हणजे आजच्या बांगलादेशातून, कोटभर माणसं सीमा ओलांडून आपल्याकडे आली होती. रविशंकरांनी मित्राला, जॉर्ज हॅरिसनला सांगितलं, मित्राने थोड्याच आठवड्यांत १ ऑगस्टला मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये दोन शो उभे केले, ४०,००० लोक आले, त्या दिवसाचे २,४३,४१८ डॉलर युनिसेफला गेले. दादा हे सांगत होता तेव्हा मला वाटत होतं की एका माणसाने आपलं दुःख मित्राला सांगणं, बस, एवढ्यातून हे झालं. आणि आम्हीही तर तेच करत होतो ना, तुपाचा रिकामा डबा घेऊन!

डबा दोनदा फिरला. ड्राफ्ट निघाला, सोबत साड्या-धोतरांची गाठोडी गेली. बिनकेशराचं दूध उरलं नाही.

पुढच्या वर्षी नाटक परत आलं, केशरही. पण डबा तेव्हापासून दर कोजागिरीला फिरतो, आणि तबलजीने हातोडीने तबला जुळवायला घेतला की मागून कुणीतरी पोरगं हमखास टाळ्या वाजवतं.