कातळावरचा बंगलोर ब्ल्यू: यंदाचा हंगाम

गुहागरात द्राक्ष लावतोय म्हटलं की नाशिककडचे बागायतदार हसतात. थॉमसन या त्यांच्याकडच्या बिनबियांच्या वाणापुरतं त्यांचं बरोबरही आहे. आमचा पाऊस त्याला झेपणारा नाही. म्हणून मांडवावर बंगलोर ब्ल्यू चढवलाय. लॅब्रुस्का या अमेरिकन द्राक्षजातीच्या रक्ताचा हा वाण, बाहेर इसाबेला म्हणतात तोच. करपा हा बुरशीचा रोग याला सहसा शिवत नाही. केवडा हा दुसरा बुरशीरोग मात्र पाठ सोडत नाही, आणि कोकणात खरी झुंज तिथेच.

यंदा पाऊस रेंगाळला, म्हणून गोडी छाटणी (फळासाठीची) ऑक्टोबरच्या शेवटावर ढकलली. एक ओलांडा (मांडवावर आडवी धरलेली वेलीची फांदी) तेवढा मुद्दाम आधी छाटला, तुलना करायला. कोवळी फूट आणि ओलं पान एकत्र आलं की वरून तेलकट पिवळे डाग, खालून पांढरी बुरशी. त्या ओलांड्याची पानं बघताबघता गेली. उशिरा फुटलेल्या काड्यांवर डाग तुरळकच. यावर बोर्डो हे मोरचूद-चुन्याचं निळं बुरशीनाशक १ टक्क्याचं मारतो: १०० लिटर पाण्याला १ किलो मोरचूद (तांब्याचं क्षार), १ किलो चुना. केवडा पानाच्या खालच्या छिद्रांतून शिरतो, तेव्हा नोझल खालून वर धरा. नुसती वरची बाजू निळी करून काही होत नाही. हात मात्र आखडता हवा. जांभ्याची माती मुळात आंबट, तीत तांबं साठलं की मुळांना जाच.

बंगळुरूकडे या वेलीची वर्षाला दोन पिकं घेतात. आपण एकावरच समाधान मानायचं. एप्रिलमध्ये खरड छाटणी (नव्या काड्या वाढवण्यासाठीची), मग पावसाळाभर फक्त पानं सांभाळायची.

घड मार्चमध्ये उतरले. मणी लहान, काळसर जांभळा, बियांचा; चिमटीत दाबला की गर सालीतून सुटून बाहेर येतो. या वाणाची गोडी १६ ते १८ ब्रिक्स (रसातल्या साखरेचं माप) सांगतात, ती मोजणाऱ्या रिफ्रॅक्टोमीटरने मला खालचाच आकडा दाखवला. एकाच घडात काळे मणी नि हिरवे मणी, हे याचं जुनं दुखणं. त्यामुळे आंबटपणा राहतो. वास मात्र असा उग्र-गोड की मांडवाखाली शिरताच कळतं. गोव्याची गोड पोर्ट वाइन बहुतेक याचीच. आपल्या राज्यात परवान्याशिवाय घरी वाइन करता येत नाही, तेव्हा मी रसावरच थांबतो. तोही वानरांनी ठेवला तेवढाच! पुढच्या खेपेला आधी जाळी, मग बाकीचं.

ऑक्टोबरच्या छाटणीत पेन्सिलीएवढ्या जाड, पक्व काड्या निघतील. कुणाला लावायच्या असतील तर आधी सांगून ठेवा, नाहीतर चुलीत जातात.