वय झालं म्हणून सोडून देऊ नका

आमच्या तासगाव भागात कुणाला धाप लागली, पायावर सूज आली, रात्री सारखं लघवीला उठावं लागलं की घरातलं कुणीतरी म्हणतंच, वय झालं आता, चालायचंच. मला ह्या बोलण्याचा खरंच राग येतो कारण ह्यातलं बरंचसं साध्या टेस्टमध्ये कळतं आणि वेळेत कळलं तर आटोक्यात राहतं.

आईचंच घ्या, जन्मात विडी ओढली नाही पण लग्न झाल्यापासून चूल, पावसाळ्यात ओल्या काटक्या आणि शेणी, घरभर धूर. मिरजेला छातीच्या डॉक्टरांनी नळीत जोरात फुंकायला लावलं (स्पायरोमेट्री म्हणतात त्याला) आणि सीओपीडी निघाला, म्हणजे श्वासनळ्या अरुंद होण्याचा फुप्फुसाचा जुनाट आजार. दम्यात आवळलेल्या श्वासनळ्या औषधानं बऱ्यापैकी मोकळ्या होतात, ह्यात पूर्ण होत नाहीत, म्हणून जे शिल्लक आहे ते जपायचं. आणि पंपाची (इनहेलरची) सवय लागते हे लोकांच्या डोक्यातून काय जात नाही बघा! अहो, औषध थेट छातीत जातं म्हणून पंपात मायक्रोग्रॅममध्ये भागतं, तेच गोळीत मिलिग्रॅममध्ये लागतं.

पण पंप घ्यायचा कसा हे नीट शिकून घ्यायला पाहिजे. आई आधी दाबायची, मग श्वास घ्यायची, औषध सगळं जिभेवर. आता स्पेसर (पंपाला जोडायची पोकळ नळी) लावलाय, श्वास पूर्ण सोडायचा, ओठ घट्ट मिटायचे, पंप दाबून सावकाश आत ओढायचं, दहा आकडे मोजेपर्यंत धरायचं, आणि स्टेरॉइडचा पंप असला तर लगेच खळखळून चूळ भरायची, नाहीतर तोंडात पांढरी बुरशी धरते.

किडनीचं अजून अवघड, कारण ती आतून खराब होताना बहुतेकदा दुखतच नाही, दुखतो तो मुतखडा. रक्तातलं क्रिएटिनिन (किडनी बाहेर टाकते तो कचरा) वाढलेलं दिसेपर्यंत जवळजवळ अर्धं काम गेलेलं असू शकतं. म्हणून शुगर किंवा बीपी असेल तर वर्षातून एकदा क्रिएटिनिनसोबत लघवीतलं अल्ब्युमिनपण (एक प्रोटीन) तपासायला सांगा, ते बऱ्याचदा आधी दिसतं. ईजीएफआर (किडनी रक्त किती गाळते त्याचा क्रिएटिनिनवरून काढलेला आकडा) 60 च्या खाली तीन महिने राहिला तर किडनीचा जुनाट आजार धरतात. आणि ऊसतोडीला कंबर धरली म्हणून मेडिकलमधून डायक्लोफेनॅक ही दुखण्याची गोळी आणायची, रोज खायची, वर उन्हात पाणी कमी, हे किडनीला फार वाईट.

पुरुष मंडळी लघवीची धार बारीक झाली तरी लाजेनं सांगत नाहीत. प्रोस्टेट (पुरुषांच्या लघवीच्या पिशवीखालची ग्रंथी) वाढलेली असली तर लघवी तुंबून दाब किडनीपर्यंत जातो, सोनोग्राफीत लघवीला जाऊन आल्यावर पिशवीत किती उरली ते दिसतं. बायकांचं वेगळंच, एसटीचा प्रवास किंवा लग्नकार्य असलं की संडासची सोय नाही म्हणून पाणीच पीत नाहीत, तासन् तास दाबून धरतात, मग जळजळ सुरू. सारखंसारखं इन्फेक्शन होत असेल तर मेडिकलमधून अर्धा कोर्स आणून खाऊ नका, गोळी सुरू करायच्या आधी लघवीचं कल्चर करा, कुठलं औषध लागू पडेल ते त्यात कळतं.