साडेसहा किलो

उन्हाळ्यातल्या सोलापुरात कुणी बाटलीभर पाणी एका दमात प्यायलं तर त्यात बघण्यासारखं काही नसतं. एप्रिल संपत आला होता, कूलर नुसता दमट वारा फेकत होता आणि मावशी दारातून आत येतानाच बाटलीचं झाकण उघडत आल्या. मी ते पाहिलं आणि सोडून दिलं. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे जे झालं त्यात माझी हुशारी फारशी नाही.

मी आहारतज्ज्ञ. एका खासगी रुग्णालयात बसते. मावशी माझ्याकडे पहिल्यांदा आल्या त्या २०२५ च्या मार्चच्या मध्यावर, हाडांच्या डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन. चिठ्ठीत एकच ओळ होती : दहा किलो कमी करून या, मग गुडघ्याच्या ऑपरेशनचं बघू. वय अठ्ठावन्न, उंची १५२ सेंटीमीटर, वजन ८४. बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजनाचा आकडा, ३६ च्या पुढे. आपल्याकडे २५ लाच लठ्ठपणा सुरू झाला असं धरतात. मधुमेह अकरा वर्षांचा, त्यातलं शेवटचं दीड वर्ष इन्शुलिनवर. थायरॉइड, ब्लडप्रेशर आणि दोन्ही गुडघे गेलेले. तीस वर्षं मांडीवर सूप घेऊन विड्या वळलेल्या बाईचे गुडघे, ते जाणारच.

सोबत मुलगा होता. आई काही बोलायच्या आधीच म्हणाला, "मॅडम, खाण्यावर कंट्रोल नाही. तेवढं सांगा, बाकी काही नाही."

मावशींनी मान खाली घातली. मी विचारत गेले तसं लक्षात आलं की खाणं तसं काही फार नव्हतं. जेवणात दीड भाकरी, शेंगाची चटणी, पातळ भाजी. गळ्यात माळ, त्यामुळे मांस-अंडी नाही. महिन्याच्या दोन्ही एकादशा आणि त्या दिवशी साबुदाणा. पण सकाळच्या सगळ्या गोळ्या चहाबरोबर एकाच घोटात चालल्या होत्या. थायरॉइडची गोळी आणि कॅल्शियमची गोळी एकदमच! थायरॉइडची गोळी रिकाम्या पोटी पाण्याबरोबर घ्यायची, चहा निदान अर्ध्या तासानं आणि कॅल्शियम तिच्यापासून चार तास लांब, नाहीतर गोळी अंगी लागत नाही. हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं, किंवा सांगितलं असेल तर पाठमोरं, पुढच्या पेशंटला हाक मारता मारता.

आणि मग मी ते वाक्य बोलले. मुलगा ऐकत होता म्हणून जरा मोठ्यानंच बोलले. "मावशी, सगळा दोष तुमच्या खाण्याचा नाही. इन्शुलिन सुरू झालं की वजन थोडं वाढतंच."

वाक्य खरं आहे. रक्तातली साखर साधारण १८० च्या वर गेली की मूत्रपिंडं ती अडवून धरू शकत नाहीत, लघवीवाटे साखर बाहेर पडते. इन्शुलिन सुरू झालं की ही गळती थांबते आणि जे आधी वाया जात होतं ते अंगाला लागतं. शिवाय साखर उतरेल या भीतीनं माणूस अधूनमधून गोड तोंडात टाकतो. मावशी रात्री अकराला राजगिऱ्याचा लाडू खायच्या, घाम फुटतो म्हणून. तो लाडू मी कागदावर लिहून घेतला, आहार लिहून दिला आणि सहा आठवड्यांनी बोलावलं. निघताना त्या दारात थांबल्या. "आषाढाला चालता येईल का ओ मॅडम?"

शेगावहून निघणारी गजानन महाराजांची पालखी आमच्या सोलापुरात मुक्कामाला असते. तिच्याबरोबर पंढरपूरपर्यंत सत्तरेक किलोमीटर मावशी दरवर्षी चालायच्या. गेली तीन वर्षं बंद होतं. मी म्हणाले, "वजन उतरलं की बघू." आपण सगळे असंच म्हणतो.

तर एप्रिल. मावशी काट्यावर उभ्या राहिल्या. ७७.५.

मी उतरवून परत चढवलं. ७७.५. मी टाळ्या वाजवल्या. खरोखर वाजवल्या, आमच्याकडे शिकायला आलेली मुलगी बाजूला होती, तिला म्हटलं, बघ, याला म्हणतात मनावर घेणं. मुलानंही आईकडे जरा कौतुकानं पाहिलं. मावशी हसल्या नाहीत. खुर्चीत बसल्या आणि उरलेलं पाणी संपवलं.

मी लिहून दिलेला आहार तंतोतंत पाळला असता तरी आठवड्याला अर्धा किलो, म्हणजे सहा आठवड्यांत तीन. तेही चालणं शक्य असलेल्या माणसाचं. मावशींचं तर चालणं घरातल्या घरात आणि थायरॉइडही अजून पुरता ताब्यात नव्हता. हा हिशेब मी वर्गात मुलींना शिकवते. त्या दिवशी माझ्याच टेबलावर तो जमत नव्हता आणि मी फाइलमध्ये 'उत्तम प्रगती' असं लिहिलंसुद्धा.

काय खाल्लं ते विचारलं, तर सगळं पूर्वीसारखंच. भाकरी तेवढीच. साबुदाणाही तिथेच. उलट भूक जास्त लागते म्हणाल्या. मध्येच "बाथरूम कुठंय?" म्हणून उठल्या. उठताना दोन्ही हात खुर्चीवर रेटले, तरी पहिल्या खेपेला जमलं नाही. मी म्हटलं, गुडघा का? "गुडघा न्हाई ओ. मांड्यांत जीवच न्हाई." दहा मिनिटांनी परत बाथरूमला गेल्या. आल्या आणि फाइल घ्यायला हात वर केला, तशा हातातल्या हिरव्या बांगड्या मनगटावरून सुटून कोपरापर्यंत घरंगळल्या. मार्चमध्ये त्याच बांगड्या मनगटात रुतलेल्या होत्या. रक्तदाब घेताना वर सरकेनात, तेव्हा आम्ही त्यावरून हसलोही होतो.

तिथे माझं पेन थांबलं.

साखरेची वही मागितली. एप्रिलची पानं कोरी. "इन्शुलिन किती युनिट घेताय?" असं विचारल्यावर मावशींनी माझ्याकडे नाही, मुलाकडे पाहिलं. मी मुलाला केसपेपरचा बहाणा करून खाली पाठवलं. दार लागलं.

"बंद केलंय."

"कधीपासून?"

"तुमच्याकडनं गेले त्याच आठवड्यापासनं. तुमीच म्हणला न्हवं, इन्शुलिननं वजन वाढतंय म्हणून."

आवाजात तक्रार नव्हती. शाळेत दिलेला गृहपाठ केलाय, तो दाखवतेय, असा सूर. सुई टोचायची नाही, वजनही उतरतंय आणि आषाढाला चालायला मिळणार. साडीच्या निऱ्या दोन जास्त पडायला लागल्या, शेजारपाजार विचारायला लागला की काय करताय. तीन वर्षांत पहिल्यांदा त्यांना कुणी असं विचारत होतं. तहान? उन्हाळाच आहे. थकवा? ऊनच तसं आहे. सोलापूरचा एप्रिल त्यांच्या आजाराची सगळी लक्षणं पोटात घेऊन बसला होता.

बोटाला टोचून ग्लुकोमीटरला पट्टी लावली. आकडा आलाच नाही. 'एचआय' अशी दोन अक्षरं आली, म्हणजे 'हाय', जास्त. त्या यंत्राची धाव सहाशेपर्यंत असते, त्यापलीकडे ते इतकंच सांगतं. शिकाऊ मुलगी म्हणाली, मॅडम, पट्टी खराब असेल. दुसरी लावली. पुन्हा तेच. लघवीच्या तपासणीत कीटोन निघाले, म्हणजे साखरेऐवजी चरबी जळताना तयार होणारे पदार्थ. मी व्हीलचेअर मागवली आणि फिजिशियन सरांना फोन केला. मुलगा केसपेपर घेऊन वर आला तेव्हा आई अतिदक्षता विभागाच्या दारात होती, आणि थोड्या वेळापूर्वी टाळ्या वाजवणारी बाई त्याला सही कुठे करायची ते दाखवत होती.

सलाइन, इन्शुलिनचं ठिबक, दर तासाला साखर. पहिली रात्र वाईट गेली, दुसऱ्या दिवशी त्या बोलायला लागल्या. सरांनी राउंडला विचारलं, "इन्शुलिन बंद करायला कुणी सांगितलं?" मावशी गप्प. मीही गप्प. संध्याकाळी सरांच्या खोलीत जाऊन काय बोलले होते ते सांगितलं. सर नुसतं म्हणाले, "फाइलवर लिही." लिहिलं. 'उत्तम प्रगती'च्या खालीच जागा होती.

अंगातून काय गेलं होतं ते नंतर नीट मांडून पाहिलं. दिवसाला शंभर ग्रॅम साखर लघवीतून वाहून गेली तर त्या चारशे कॅलरी झाल्या. त्यांची याहून जास्तच जात असणार. शरीरात साखर भरपूर, पण पेशींना ती घेता येत नाही, म्हणून मग चरबी जाळ, स्नायू मोड. मांडीतला जीव गेला होता तो असा. ज्या मांड्यांच्या जोरावर गुडघ्यांनी चालायचं त्याच वितळत होत्या. आणि त्या साडेसहा किलोंतलं बरंचसं तर निव्वळ पाणी होतं.

हे पाचव्या दिवशी कळलं. घरी सोडण्याआधी मावशींनी स्वतःहून वजन करायला सांगितलं. ८०.९. त्या काट्यावरच रडायला लागल्या. आयसीयूत रडल्या नव्हत्या. मी पाणी, स्नायू वगैरे समजावत होते, ते कानाबाहेर जात होतं. शेवटी विचारलं, "मावशी, विडीचं पान वाळलेलं असताना वळता येतं का?"

"कसं यील? फाटतंय. भिजत घालावं लागतंय."

"भिजवल्यावर जड होतं की नाही?"

त्यांनी डोळे पुसले. बऱ्याच वेळानं म्हणाल्या, "म्हंजे मी वाळले हुते."

मुलानं नंतर मला गाठून वजन उतरवायच्या, आठवड्याला एकदा घ्यायच्या त्या नव्या इंजेक्शनचं विचारलं. मौंजारो मार्चमध्येच भारतात आलं होतं, तेव्हा अडीच मिलिग्रॅमची कुपी साडेतीन हजारांची होती, आठवड्याला एक. औषध द्यायचं की नाही हे सरांचं काम. पण महिन्याचे चौदा हजार म्हटल्यावर त्यानंच विषय मिटवला. मात्र आईच्या खाण्यावरून तो परत कधी बोलला नाही.

पुढचं काम कंटाळवाणं होतं, म्हणजे नेहमीसारखं. सरांनी रात्रीचे युनिट कमी केले, सकाळचे वाढवले. त्यामुळे साखर उतरून फुटणारा रात्रीचा घाम थांबला आणि घामाबरोबर लाडूही. हे मार्चमध्येच व्हायला हवं होतं. लाडू मी लिहून घेतला होता, पण घाम का फुटतो ते सरांना जाऊन विचारलं नव्हतं. रोज एका वेळेला हुलगे नाहीतर मटकी, दुपारी ताक. खुर्चीतून हात न टेकता उठण्याचा व्यायाम, आधी तीनदा, मग पाचदा. एक किलो उतरलं की पाऊल टाकताना गुडघ्यावरचा भार चारेक किलोंनी हलका होतो, हे ऐकून त्यांना फार बरं वाटलं. दर वेळी उतरलेल्या वजनाला चारनं गुणून मला सांगायच्या. एकादशी सोडणार नाही म्हणाल्या, मी सोडा म्हटलंही नाही. साबुदाण्याच्या जागी मोजून वाटीभर भगर आणि शेंगदाण्याची आमटी एवढ्यावर सौदा झाला. त्या दिवशीचे युनिट सरांनी वेगळे लिहून दिले.

आषाढात चालणं झालं नाही. पालखी आली तेव्हा गल्लीच्या तोंडापर्यंत काठी टेकत गेल्या, दर्शन घेतलं. पंढरपूरला एसटीनं गेल्या. "अर्ध्या तिकिटात," हे मला फोनवर दोनदा सांगितलं. जुलैत वजन ८० ला जरा कमी, सप्टेंबरात ७९. ऑपरेशनची तारीख अजून नाही.

माझ्या तक्त्यात पहिला रकाना वजनाचा असायचा. तो मी खाली नेला. वर आता औषधं, सुई, साखर; काटा शेवटी. बरेच पेशंट वैतागतात, त्यांना आधी आकडा हवा असतो.

कार्तिकीनंतर मावशी आल्या. मी तक्ता काढेपर्यंत चप्पल काढून एक पाय काट्यावर ठेवला होता. मी काही विचारायच्या आत म्हणाल्या, "सकाळी सोळा, रात्री आठ. परवा रात्रीचं इसरले हुते, खोटं कशाला बोलू." मग दुसरा पाय वर घेतला. "आता बगा."