दावा लढण्याचा हिशेब: पुढच्या टप्प्यापुरता

पक्षकाराचे वकिलाला दोन प्रश्न ठरलेले असतात. केस जिंकू ना? आणि एकूण खर्च किती? पहिल्याचं प्रामाणिक उत्तर कुणाकडेच नसतं, दुसऱ्याचं चुकतंच. उपयोगी प्रश्न वेगळा आहे: पुढच्या टप्प्यापर्यंत जायला किती लागेल, आणि तिथे पोचल्यावर आज माहीत नसलेलं काय कळेल?

आकडे सोपे घेऊ. मागणी १०० ची. जिंकण्याची शक्यता ६० टक्के, जिंकल्यावर वसुली होण्याची शक्यता ७० टक्के. शेवटपर्यंत वादीचा खर्च २५, प्रतिवादीचा २०, आणि ज्याचा खर्च त्याने सोसायचा. १०० चे ६० टक्के, त्याचे ७० टक्के, म्हणजे ४२. त्यातून २५ गेले की वादीसाठी दाव्याची आजची किंमत उरते १७. प्रतिवादीला तोच दावा ४२ अधिक २०, म्हणजे ६२ ला पडतो. १७ ते ६२ मधला कुठलाही आकडा दोघांनाही लढण्यापेक्षा बरा. मधली ४५ ची जागा म्हणजे दोघांच्या पुढच्या खर्चाची बेरीज, दुसरं काही नाही.

आता वादीचे १५ आणि प्रतिवादीचे १२ खर्च झाले असं धरा. उरले १० आणि ८. वादी ३२ च्या खाली यायचा नाही, प्रतिवादी ५० च्या वर जायचा नाही. जागा १८ वर आली. गेलेले १५ या हिशेबात कुठेच नाहीत, पण माणसं नेमकी तेच १५ धरून बसतात.

दोघांनाही आपली बाजू भक्कम वाटत असेल तर आणखी पंचाईत. वादीला आपली शक्यता ८० टक्के वाटते, प्रतिवादीच्या मते ती ३० टक्केच आहे. सुरुवातीला वादीची किमान अपेक्षा ३१ आणि प्रतिवादीची कमाल तयारी ४१. तडजोड अजून बसते. वर सांगितलेला खर्च झाल्यावर वादी ४६ मागतो आणि प्रतिवादी २९ वर थांबतो. तडजोडीची जागाच संपली. 'आधी लढू, मग बघू' म्हणणाऱ्यांनी हे गणित एकदा कागदावर मांडावं.

या गणितात सगळ्यांत दुर्लक्षित आकडा ७० टक्क्यांचा. हुकूमनामा, म्हणजे कोर्टाने दिलेला निकालाचा कागद, म्हणजे पैसे नव्हेत. नोटीस पाठवण्याआधीच समोरच्याच्या नावावर काय आहे, त्यावर कुणाचा बोजा आहे, त्याच्याकडून येणं असलेले इतर किती जण रांगेत आहेत हे पाहावं. मालमत्ता विकून टाकण्याच्या हालचाली दिसत असतील तर निकालापूर्वी जप्तीचा अर्ज (भारतात दिवाणी प्रक्रिया संहितेचा आदेश ३८, नियम ५) लगेच करायचा, पण ठोस माहितीच्या जोरावर. नुसत्या संशयावर तो टिकत नाही. वसुलीची शक्यता ७० ऐवजी ३० टक्के असेल तर वरच्या उदाहरणात दाव्याची किंमत उणे ७ होते. मग बाजू कितीही खरी असो.

टप्प्यांचं कोष्टक करायला इंग्लंडमधला 'प्रिसिडंट एच' हा नमुना उसना घ्यावा. तिथे २०१३ पासून बऱ्याच दाव्यांत दोन्ही पक्षांना खर्चाचं अंदाजपत्रक टप्प्यांनुसार कोर्टापुढे ठेवावं लागतं: दाव्यापूर्वीचं काम, लेखी म्हणणं, कागदपत्रं, साक्षीदार, तज्ज्ञ, सुनावणीची तयारी, सुनावणी, तडजोड. कोर्ट मागो न मागो, आपल्यापुरतं हे कोष्टक असावं आणि प्रत्येक ओळीपुढे एक गृहीतक लिहिलेलं असावं: साक्षीदार किती, कागद किती पानं, तज्ज्ञ एक की दोन. अंदाज चुकला की कुठलं गृहीतक मोडलं ते लगेच सापडतं.

पैसे वाया जातात त्या जागा बहुतेक ठरलेल्या आहेत. पहिली, अंतरिम अर्ज, म्हणजे मूळ निकालाआधी मधल्यामधे केलेले अर्ज. प्रत्येक अर्जाला उत्तर, युक्तिवाद आणि कधीकधी अपील. आणि जिंकूनही मूळ वाद जागच्या जागी. अर्ज मंजूर झाला तर तडजोडीचा आकडा किती हलेल, याचं उत्तर देता येत नसेल तर तो करू नये. दुसरी, मुद्दे ठरण्याआधी नेमलेला तज्ज्ञ: तो भलत्याच प्रश्नाचं सविस्तर उत्तर लिहून देतो. तिसरी, पोतंभर कागद. घटनाक्रमाची चार पानी यादी आणि प्रत्येक नोंदीपुढे कागदाचा क्रमांक, एवढं काम पक्षकाराने स्वतः केलं तरी वकिलाचे बरेच तास वाचतात. नको असलेला कागद लपवू मात्र नये. तो उलटतपासात निघाला की शक्यतेचा आकडा एका दुपारी कोसळतो.

फी कशी ठरते त्यावर दाव्याची चाल ठरते, हे उघड बोललं जात नाही. तारखेमागे फी असेल तर तारखा वाढण्यात कुणाचंच नुकसान नाही, पक्षकार सोडून. तासामागे असेल तर संशोधन खोल जातं. निकालावर टक्केवारी घ्यायला भारतात वकिलांना मनाई आहे. टप्प्यामागे फी, आणि त्या टप्प्यात काय येतं व काय येत नाही हे लेखी, ही पद्धत मला सर्वांत कमी भांडणाची वाटते.

हरणाऱ्याने खर्च द्यायचा की नाही यावर तडजोडीच्या प्रस्तावाची ताकद ठरते. अमेरिकेत साधारणपणे ज्याची वकील फी त्याची त्याला. इंग्लंडमध्ये हरणारा देतो, आणि तिथल्या 'पार्ट ३६' नियमानुसार दिलेला प्रस्ताव हे सरळ शस्त्र आहे. स्वीकारायला किमान २१ दिवसांची मुदत द्यायची. वादीने दिलेला प्रस्ताव नाकारून प्रतिवादीला निकालात तितकं किंवा त्याहून जास्त द्यावं लागलं तर वाढीव व्याज आणि खर्चाचा भार त्याच्यावर येऊ शकतो. भारतात दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ३५ खाली खर्च देववणं कोर्टाच्या मर्जीवर असतं, आणि खोट्या दाव्याबद्दलच्या कलम ३५अ च्या भरपाईला ३,००० रुपयांची मर्यादा आहे. व्यापारी वादांत मात्र २०१५ च्या व्यापारी न्यायालय कायद्याने कलम ३५ बदललं: हरणाऱ्याने खर्च द्यावा हा सर्वसाधारण नियम झाला, आणि वाजवी प्रस्ताव विनाकारण नाकारला का, हेही कोर्ट पाहतं. म्हणून प्रस्ताव तोंडी ठेवू नये. रक्कम, व्याज धरलं की नाही, खर्च धरला की नाही, मुदत कधीपर्यंत, हे चारही लिहून पाठवावं. आकडा मात्र कोष्टकातून आलेला हवा. गोल आकडा पाठवला की समोरचा ओळखतो की मागे हिशेब नाही, आणि तोही गोल आकड्यानेच उत्तर देतो.